तपासणाऱ्याची सही

सर : पाचवं कलम झालं. सहावं वाच.

साईनाथ : सहावं टायरचं. 'गाडी एका जागी उभी राहून टायर चपटे पडू नयेत म्हणून प्रत्येक गाडी दर आठवड्याला पाव चाक पुढे सरकवली जाईल आणि हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त ठेवली जाईल.' बरोबर हाय ना, सर?

सर : 'थोडी' खोड. करारात 'थोडी' म्हणजे किती, हे वाचणाऱ्याने ठरवायचं का? आकडा लिही.

अनिता : मी चहात साखर थोडी टाकते सर, तिचा पन आकडा लिवू?

सर : लिही. काल तीन चमचे होते.

साईनाथ : अनिता, टिंगल ऱ्हाऊ दे गो. पाच वाजता दस्तूर साहेबांचा फोन येनार. त्याच्या आत सरांची सही पायजे. आता साडेतीन झाले.

सर : घाई केलीस तर मी पहिल्या कलमापासून पुन्हा सुरू करीन. भातसानगरच्या वळणावर आज पोलिसांनी माझी स्कूटर पाऊण तास उभी ठेवली. डिकीत मल्टीमीटर होता. लढाईच्या दिवसांत धरणाच्या रस्त्यावर असलं यंत्र घेऊन कोण फिरतं, म्हणाले. तिथे मी घाई केली नाही, इथे तू करू नकोस.

अनिता : मंग काय सांगितलंत त्यांना?

सर : गाड्यांचा ताप मोजायचं यंत्र आहे, म्हणालो. सोडलं.

अनिता : म्हंजे खोटं बोललात.

सर : सोपं करून सांगितलं. ते असो. साईनाथ, एक गोष्ट मला आधी समजावून सांग. गॅरेज तुझं. विशेंच्या बंद गिरणीचं हे गोदाम भाड्याने घेतलंस तू. मग कागदावर तांत्रिक प्रमुख म्हणून माझं नाव कशासाठी?

साईनाथ : मी गुरवारी चाललो म्हणून, सर. गाड्यांच्या मालकांच्या वतीनं दस्तूर साहेबांनी सरळ इचारलं. बोल्ले, निचिते, लढाई लागल्यावर आमच्या इमारतीचं तळघर निवाऱ्यासाठी रिकामं करून घेतलं, म्हणून चौदा गाड्या तुमच्याकडं पाठवल्या. सगळ्या परदेशी. त्यांचा साधा पार्ट पन आता जहाजानं येत नाय. तुमी परत पलटणीत गेल्यावर त्यांना हात कोन लावनार? मी बोल्लो, शहापूरच्या आयटीआयमधे ज्यांनी मला पाना धरायला शिकवला, ते पष्टे सर. मंग बोल्ले, त्यांची सही असेल तर लढाई संपेपर्यंतचा करार करू. नाय तर गाड्या दुसरीकडं हलवू.

सर : माझं वय विचारलं त्यांनी?

साईनाथ : इचारलं नाय. मी पन सांगितलं नाय.

अनिता : अडुसष्ट. आकडा लिवायचा ना, सर?

सर : तो लिहिलास तरी चालेल. तुला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, साईनाथ. राखीव यादीतून इतक्या लवकर बोलावतील असं मला वाटलं नव्हतं.

साईनाथ : वर्कशॉपवाले कमी पडतायत. तिकडं रोज गाड्या ओढून आणतात, रोज उभ्या करून परत पाठवायच्या.

अनिता : ते बोलावण्याचं पत्र पन तुमच्या मनासारखं हाय, सर. तारीख, टाइम, डेपो, सगळं आकड्यात. थोडं असं कायच नाय त्यात.

साईनाथ : अनिता.

अनिता : मी काय रडले का? सांगते फक्त.

साईनाथ : सर, सरळ बोलतो. करार झाला तर ही आनि पोरगी अक्षदा हितंच राहतील. कार्डं लिवायची, चार्जर लावायचे, किल्ल्या सांभाळायच्या, ते सगळं हिला येतं. अक्षदा नववीत हाय, तिची शाळा सुटनार नाय. करार नाय झाला तर गोदाम सोडायचं, गॅरेजला कुलूप, आनि दोघींनी मुरबाडला हिच्या भावाच्या दारात.

अनिता : भाऊ नाय म्हननार नाय. भावजय पन नाय म्हननार नाय. फक्त सकाळी भांडी जरा जोरात ठेवील.

साईनाथ : मला तिकडं जायची भीती नाय, सर. सतरा वर्सं तेच केलं. पाठीमागं हे असं लोंबकळत ठेवून जायची हाय.

सर : सातवं वाच.

साईनाथ : 'इंजिन दर पंधरा दिवसांनी एकदा, पूर्ण तापेपर्यंत, किमान वीस मिनिटे चालवले जाईल.' हितं एक मालक बोलत होते, रोज पाच-पाच मिनिटं चालू करा.

सर : त्यांना लिहून कळव, पाच मिनिटं चालवण्यापेक्षा न चालवलेलं बरं. इंजिन तापत नाही, आत पाणी धरतं, तेल खराब होतं. शिवाय पेट्रोल मोजून मिळतंय. पुढे?

साईनाथ : आठवं सुट्या भागांचं. 'एका गाडीचा भाग काढून दुसऱ्या गाडीला लावला जाणार नाही. दोन्ही मालकांची लेखी संमती असल्यास अपवाद.' आमी तिकडं सरळ काढायचो, सर. तीन पडलेल्या गाड्यांतून दोन चालत्या.

सर : तिकडे तिन्ही गाड्यांचा मालक एक असतो. इथे चौदा आहेत. कलम राहू दे. पुढचं?

साईनाथ : दहावं किल्ल्यांचं. 'किल्ल्यांची पेटी दोन कुलपांची राहील...'

सर : थांब. आठनंतर दहा?

साईनाथ : हां. ते नंबर चुकले असतील. सरळ करतो.

सर : नंबर चुकलेले नाहीत. नववं मी सांगितलं होतं आणि अनिताने माझ्यासमोर लिहून घेतलं होतं. उंदीर आणि घुशी. झरोक्यांना जाळी, भिंतीलगत सापळे, आणि बॉनेटच्या आत निरगुडीच्या वाळलेल्या पाल्याच्या पुरचुंड्या. ते कुठे गेलं?

साईनाथ : काढलं, सर.

सर : का?

साईनाथ : मोठी लोकं. पाला-बिला वाचून हसतील.

सर : हसू देत. आता भात कापायला लागलेत. शेतातले उंदीर आठवड्याभरात या गोदामात येतील, आणि या गाड्यांच्या तारांचं आवरण त्यांना आवडतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या आईच्या कणगीत निरगुडी असायची. चाळीस वर्षांत त्या भाताला कधी तोंड लागलं नाही. मालक हसतील म्हणून आपण बरोबर गोष्ट सोडायची नाही.

साईनाथ : नको, सर. ते ऱ्हाऊ द्या.

सर : कारण सांग.

साईनाथ : कारण असं काय नाय.

अनिता : सांगा ना त्यांना.

साईनाथ : तू चहा बघ.

अनिता : चहा झाला कवाच. तुमी सांगताव का मी सांगू?

साईनाथ : गुरवारी जायचंय मला, अनिता. चार दिवस पन नाय ऱ्हायले.

अनिता : म्हनून तर. सर, सकाळी सहा नंबरची पाळी होती, वीस मिनिटांची. ती निळी, डॉक्टरीणबाईंची. चालू करून हे बाजूला गेले, मी घड्याळ लावून बसले. बारा मिनिटं झाली आनि वास आला. पयला बाळंतिणीच्या न्हाणीत येतो तसा. मंग प्लास्टिकचा.

सर : निरगुडीचा.

अनिता : व्हय. बॉनेट उघडलं तर धूर. पुरचुंडी उंदरांनी फाडली व्हती, सर. पाला सगळा सांडून खाली गरम पाइपावर.

सर : मी पुरचुंड्या पाइपापासून हातभर लांब बांधल्या होत्या. प्रत्येक गाडीत. मोजून.

अनिता : बांधलेली गाठ तशीच व्हती. खालून कुरतडली.

सर : पाला पाइपावर जळला. म्हणजे शेजारचा हार्नेस, तारांची जुडी.

साईनाथ : तीन तारांचं आवरण वितळलं. दोन वरच्यावर, एक तांब्यापर्यंत. जाळ नाय झाला, सर. मी लगेच बंद केली. तार कापून नवीन तुकडा जोडला, कथलाचा डाग दिला, वरून स्लीव्हची नळी चढवली. वरून बघितलं तर कळनार पन नाय. आनि बाकीच्या तेरा गाड्यांतून सगळ्या पुरचुंड्या आमी दुपारपर्यंत काढल्या.

सर : तांब्यापर्यंत गेलेली तार कसली होती?

साईनाथ : रेडिएटरच्या पंख्याची.

सर : जोडल्यावर इंजिन पूर्ण तापवून पंखा फिरतो का, पाहिलंस?

साईनाथ : पाच मिनिटं चालवली.

सर : पाच मिनिटांत पंखा सुरूच होत नाही.

साईनाथ : ठाऊक हाय, सर. पन तुमी यायची येळ झाली व्हती.

सर : म्हणजे मला कळू नये म्हणून तू चाचणी अर्धी सोडलीस.

अनिता : आनि डॉक्टरीणबाईंना बुधवारी गाडी पायजे, सर. त्यांच्या हॉस्पिटलात जखमी आणतायत, त्यांना कवा पन जावं लागतं. काल फोन आलावता.

सर : सहा नंबरचं जुनं कार्ड आण. बारा तारखेचं.

साईनाथ : सर, कार्ड नको. माझं ऐका. मी दस्तूर साहेबांना काय सांगायचं ते सांगतो. लागलंच तर बोलेन, माझ्याकडून झालं. मी तसा पन चाललोय. माझं नाव खराब झालं तर कोनाचं काय बिघडतंय? तुमचं नाव चांगलं ऱ्हायला पायजे, त्याच्यावर सगळं उभं हाय.

सर : अनिता, कार्ड.

अनिता : हे घ्या.

सर : वाच मोठ्याने. चष्मा माझ्या गळ्यातच आहे, पण तू वाच.

अनिता : 'गाडी सहा. काम : उंदीर प्रतिबंध, निरगुडी पुरचुंडी, दोन नग. काम करणारा : दा. ल. पष्टे.' तुमची सही. 'तपासणारा : सा. म. निचिते.' ह्यांची सही.

सर : साईनाथ, त्या दिवशी ही सही करताना तू बॉनेट उघडलं होतंस?

साईनाथ : सही माझीच हाय, सर.

सर : मी बॉनेटचं विचारतोय.

साईनाथ : नाय, सर.

सर : तू चौदा कार्डांवर सह्या केल्यास. किती बॉनेट उघडलीस?

साईनाथ : एक पन नाय.

सर : का?

साईनाथ : तुमचं काम होतं, सर. तुमचं काम मी काय तपासनार?

अनिता : मी बोल्ले व्हते तवा. पाला आनि गरम इंजिन, जरा बघा एकदा. तर मलाच बोल्ले, सरांना शिकवतेस का?

सर : तू मला का नाही बोललीस?

अनिता : तुमाला कोन बोलनार, सर.

सर : हे दोन रकाने मी पस्तीस वर्षं फळ्यावर काढले. एकाने काम करायचं, दुसऱ्याने तपासायचं, दोघांनी सही करायची. दोन माणसं वेगळी हवीत हे मी प्रत्येक तुकडीला सांगितलं. तू पहिल्या बाकावर होतास.

साईनाथ : दुसऱ्या. आनि सांगितलं तुमी, खरं हाय. पन शिकवलं दुसरंच, सर.

सर : म्हणजे?

साईनाथ : ऱ्हाऊ द्या.

सर : आज तू बऱ्याच गोष्टी राहू दे म्हणालास. ही सांग.

साईनाथ : कान्हा आठवतो? डोळखांबच्या वरच्या पाड्यातला. शिकवायची जीप व्हती आपली, पुढचं डावं चाक तुमी स्वतः बसवलंत, आमाला दाखवायला. पाच नट. प्रत्येक नट आवळून त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिलात. मंग आमाला बोल्लात, आता तपासा. आमी सगळ्यांनी नुसता हात लावला. कान्हानं पाना लावला. बोल्ला, सर, एक ढिला हाय.

सर : हो.

साईनाथ : तुमी बोल्लात, निदेशक तू का मी? आनि त्याला पोर्चमधे उभा केलात. सुटेपर्यंत. त्याची शेवटची बस गेली त्या दिवशी, चालत गेला तो.

सर : मला आठवत नाही असं म्हणणं सोपं होतं. मला आठवतं. बस चुकली, हे मात्र माहीत नव्हतं.

अनिता : मंग नट ढिला व्हता का नव्हता?

सर : ढिला होता. तुम्ही सगळे गेल्यावर मी पाना घेऊन जीपपाशी गेलो. पाव फेरी फिरला. तो मी आवळला, त्यावर ठिपका पुन्हा दिला आणि घरी गेलो. आजपर्यंत हे कोणाला सांगितलं नाही. माझ्या बायकोलाही नाही.

साईनाथ : आमाला ठाऊक व्हतं, सर.

सर : कसं?

साईनाथ : सकाळी आमी तुमच्या आधी आलो. पाचवा ठिपका ओला व्हता.

सर : म्हणजे सगळ्यांनी पाहिला.

साईनाथ : कोन काय बोल्लं नाय. पन त्या दिवसापासून तुमच्या कामाला कोनी पाना लावला नाय. नुसती सही करायची. मी पलटणीत गेलो, तिकडं पन तेच. उस्ताद ओके बोल्ला की ओके. मला वाटलं, मान देतो आपन.

सर : अनिता, चहा दे.

अनिता : गार झाला. गरम करते.

सर : तसाच दे. साईनाथ, गुरुवारनंतर तुझ्यापुढे ज्या गाड्या येतील, त्यांतल्या काहींवर तुझ्या वरिष्ठांनी काम केलेलं असेल. तूही तपासणारा म्हणून सही करशील. तिथे धूर येईपर्यंत बाजूला बसून घड्याळ लावणारी अनिता असणार नाही. त्या गाडीत दहा माणसं असतील.

साईनाथ : समजतंय, सर.

सर : मला उशिरा समजलं. कणगीतला भात तापत नाही, एवढी साधी गोष्ट मी चाळीस वर्षं इंजिनांत घालवून विसरलो. आणि विसरलो ते विसरलो, ते पकडायला जो माणूस ठेवला होता, त्याचे हात मीच बांधून ठेवले होते.

साईनाथ : आता दस्तूर साहेबांना काय सांगायचं?

सर : जे झालं ते.

साईनाथ : सगळं? सर, चार वाजून पन्नास झाले. जरा इचार करा. असं बोल्लो, की तार जुनी व्हती. परदेशी तारा पन खराब होतातच. दोन दिवसांत मी गाडी अशी करतो की त्यांच्या कंपनीवाल्याला कळनार नाय.

सर : डॉक्टरीणबाईंना कळेल. बुधवारी, कुठल्या तरी सिग्नलला, पंखा बंद पडल्यावर. मागच्या सीटवर कदाचित पेशंट असेल.

साईनाथ : मी जोडलेली तार सुटनार नाय.

सर : मी बांधलेली गाठही सुटली नव्हती.

साईनाथ : आनि करार गेला तर? मी काय बोलून जाऊ हिला?

अनिता : मला काय बोलायची गरज नाय. सकाळपासून माझ्या नाकातून तो वास जात नाय. मुरबाडला गेले तर भांड्यांचा आवाज ऐकीन. हितं राहून हे लपवलं तर रोज बॉनेट उघडताना ती बाई दिसंल मला.

साईनाथ : तुला सोपं वाटतंय.

अनिता : सोपं कुठं वाटतंय. अक्षदाला काय सांगायचं त्याचाच इचार करते हाय दुपारपासून.

(पाच वाजता फोन वाजतो. साईनाथ हात पुढे करतो, पण सर टेबलावरचा फोन स्वतः उचलतात. पुढचं बोलणं फक्त त्यांच्या बाजूने ऐकू येतं.)

सर : नमस्कार, दस्तूर साहेब. नाही, निचिते नाही, मी दामोदर पष्टे बोलतोय. … हो, कागद पाहिला. सही करण्यापूर्वी एक घटना सांगायची आहे. … नाही, चोरी नाही. सहा नंबरच्या गाडीत आज सकाळी धूर झाला. तीन तारा भाजल्या. कारण मी. उंदरांसाठी मी इंजिनाजवळ वाळलेला पाला ठेवला होता. … होय, पाला. … आमच्याकडे भातात ठेवतात. … आपण हसलात तरी माझी हरकत नाही. … तपासणी झाली नव्हती. कार्डावर सही आहे, पण तपासणी झाली नव्हती, हेही खरं. … निचितेंचा दोष अर्धा. उरलेला माझा, तो जुना आहे. … गाडी दुरुस्त केली आहे, पूर्ण चाचणी आत्ता करतोय. निकाल आपल्याला आणि डॉक्टरांना सात वाजण्यापूर्वी कळवीन. … होय, बरोबर विचारलंत. निचिते गेल्यावर काम मी करीन. … तपासणार अनिता निचिते. … नाही, तिच्याकडे प्रमाणपत्र नाही. आजचा धूर तिने पकडला, माझ्याकडे प्रमाणपत्र होतं. … समजलो. … समजलो. … आपला अधिकार आहे. नमस्कार.

साईनाथ : काय बोल्ले?

सर : दोन मालक गाड्या उद्याच हलवतील, असं त्यांना वाटतं. डॉक्टरीणबाईंशी ते स्वतः बोलतील. त्या काय ठरवतील ते त्यांचं. लढाई संपेपर्यंतचा करार आता नाही. एक महिन्याचा. दर आठवड्याला सगळी कार्डं त्यांना पाठवायची. महिन्यानंतर पुन्हा बघू, म्हणाले.

साईनाथ : एक महिना.

सर : हो.

साईनाथ : मी बोल्लो असतो तर एवढं तरी सांभाळलं असतं का, ठाऊक नाय. पन महिना म्हंजे काय, सर. मी तोवर परत येनार नाय.

अनिता : अक्षदाची सहामाही तोवर व्हईल. तेवढं तर झालं.

साईनाथ : आनि तू तपासनार? सरांचं काम?

अनिता : सरांनी सांगितलं, मी नाय मागितलं. पन जमंल. सकाळी तुमी पुरचुंड्या काढताना मीच बॅटरी धरून व्हते, तुमचा हात जात नव्हता तिथं माझा गेला.

सर : बारा गाड्या राहिल्या तरी माझे दोन हात पुरणार नाहीत. कान्हा सध्या कुठे असतो?

साईनाथ : टोकावड्याला. ट्रॅक्टर दुरुस्त करतो. मी गेल्या आठवड्यात इचारलं त्याला, माझ्या जागी येतोस का. पैशाची बात पन केली.

सर : काय म्हणाला?

साईनाथ : कोनाच्या हाताखाली, म्हणाला. मी तुमचं नाव सांगितलं. मंग बोल्ला, माझी बस चुकेल.

सर : उद्या सकाळी मी टोकावड्याला जातो.

साईनाथ : येनार नाय तो, सर.

सर : येईल म्हणून जात नाही. नट ढिला होता, हे त्याला माझ्या तोंडून कळायला हवं. आता ऊठ. सातला दिवे झाकायचे असतात, तोवर उजेड आहे. सहा नंबर पुढे घे. जोड मी उघडून पुन्हा बघणार, इंजिन पूर्ण तापवणार, पंखा दोनदा फिरलेला बघणार. तू आज हात लावायचा नाहीस.

साईनाथ : मी काय करू?

सर : उजेड धर.

अनिता : गाडी आपोआप वर उठली बघा चालू केल्यावर. आमची म्हैस पन अशीच उठते, मागून आधी.

सर : पुढे आली. आता इंजिन बंद. किती वाजले, अनिता?

अनिता : पाच बावीस.

साईनाथ : सर, तुमचा चष्मा घसरतोय. डाग मी देऊ का?

सर : घसरतोय, हे मला कळतंय. म्हणून दोनदा देतोय. उजेड खाली घे. अजून. बस. डाग चांगला दिला होतास तू, साईनाथ. स्लीव्ह मात्र आखूड होती. आता बरोबर. क्लिप लावल्या. आतला कोपरा पुसला. फडकं घे. आता इंजिन चालू करतो. घड्याळ लाव, अनिता.

अनिता : एकोणीस मिनिटं. काटा वर गेला.

साईनाथ : फिरला. पंखा फिरला, सर.

सर : थांबू दे. पुन्हा फिरला पाहिजे.

अनिता : थांबला. तेवीस मिनिटं.

साईनाथ : फिरला परत.

सर : बंद कर. थंड होऊ दे. अनिता, नवीन कार्ड घे. 'काम करणारा' मध्ये माझं नाव लिही, सही करतो. झालं. आता मी बाजूला होतो आणि बाकावर बसतो. तू बघ. माझ्याकडे बघू नकोस, गाडीकडे बघ.

अनिता : कुठून सुरू करू?

सर : मी कुठून केलं ते विसर. तुझ्या मनाने कर.

अनिता : क्लिपा तीन, तिन्ही बसल्यात. तार पाइपाला लागत नाय, बोट जातं मधून. जोड ओढून बघितला, सुटत नाय. स्लीव्ह पुरती हाय. आतल्या बाजूला… दोन मिनिटं, हात घालते.

साईनाथ : तिथं जपून, कोमट असंल अजून.

अनिता : कळतंय मला. बॅटरीच्या मागं… सर.

सर : बोल.

अनिता : काय नाय.

सर : 'काय नाय' कुठल्या रकान्यात लिहायचं, अनिता?

अनिता : बॅटरीच्या मागं खाली खाच हाय. तिथं एक पान ऱ्हायलंय. निरगुडीचं. हे बघा.

साईनाथ : अगो, सरांनी तो कोपरा दोनदा पुसला. मी उजेड धरून व्हतो.

अनिता : पुसला असंल. पान हाय पन.

सर : लिही.